गिटारिस्टची यादी: स्पीड की सोल? घरात भांडण लागलंय, निवाडा करा

फेंडर_परवडत_नाही

गौरीजेवणाला मावशीकडे कोथरूडला गेलो होतो. पुरणपोळ्या झाल्या, आता जरा आडवं व्हावं म्हणलं तर मावसभाऊ मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. म्हणे बघ दादा, तुझा पिंक फ्लॉइडचा गिलमोर २८वा आणि माझा एडी व्हॅन हेलन ४था. रोलिंग स्टोन मासिकाची २०२३ची यादी, २५० गिटारिस्टची. मग काय, जी सुरुवात झाली ती संध्याकाळच्या आरतीपर्यंत थांबली नाही. आजी आतून बाहेर आली, दोन मिनिटं उभी राहून ऐकलं आणि म्हणाली, मला वाटलं वाटणीवरून भांडताय.

तर मुद्दा असा आहे. भाऊ इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज तीन-चार तास मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावून बसतो आणि हात खरंच असला पळतो की बघणाऱ्यालाच धाप लागावी. त्याचं म्हणणं, गिटार हे वाद्य आहे आणि वाद्यावर हुकूमत कोणाची जास्त हे मोजता येतं, किती अवघड वाजवलं, किती स्वच्छ वाजवलं, किती वेगात वाजवलं, आणि सोलबिल हे ज्यांचा हात चालत नाही त्यांनी काढलेलं खूळ आहे. माझं म्हणणं, नुसता वेगच मोजायचा तर कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला पण यादीत घ्या की. गिलमोर एक स्वर वर ओढतो आणि तिथेच थांबतो तेव्हा पोटात जे होतं ते कुठल्या पट्टीने मोजणार?

मी स्वतः नऊ वर्षं वाजवतोय, ऑफिसातून आल्यावर, जमेल तसं. हात पळत नाही हे कबूल. पण म्हणून मला मत असू नये का?

तुम्ही सांगा, ग्रेटेस्ट ठरवताना काय धरायचं आणि तुमचे पहिले पाच कोण. हेंड्रिक्स पहिला हे धरून चाला, तेवढ्यावर आमच्याकडे पण एकमत आहे.

ड्रॉप_डी

भावाला माझ्याकडून चहा पाज. बरोबर बोलतोय तो.

हा 'सोल' शब्द ना माझ्या डोक्यात जातो. कौतुक करायला कोणी वापरतच नाही, कोणाला तरी हाणायचं असलं की काढतात, कोणी जरा फास्ट वाजवलं की लगेच 'हो पण सोल नाही', अरे तू काय त्याचा एक्स-रे काढून आलायस का. २००च्या टेम्पोवर, म्हणजे मिनिटाला २०० ठोके, एका ठोक्याला चार स्वर वाजवायचे म्हणजे सेकंदाला १३च्या वर स्वर झाले, आणि त्यातल्या प्रत्येक स्वराला उजव्या हातातला पिक आणि डाव्या हाताचं बोट एकाच क्षणी पडायला लागतं, केसाएवढं मागेपुढे झालं तरी नुसती खरखर ऐकू येते. हे कमवायला जी वर्षं जातात ती प्रेमाशिवाय जातात का?

इंग्वे माल्मस्टीनचं सगळे उदाहरण देतात, कोरडा वाजवतो म्हणून. १९८४ला त्याचा पहिला सोलो अल्बम आला तेव्हा विशीचं पोरगं होतं, स्वीडनहून आलेलं, डोक्यात बाख आणि पॅगानिनी, आणि गिटारच्या मानेवरचं दोन फ्रेटमधलं (फ्रेट म्हणजे धातूचे पडदे) लाकूड कोरून खोलगट केलेलं म्हणजे बोट लाकडाला टेकूच नये. बरं पळापळ सोडून द्या, तो मधेच एखादा लांब स्वर धरतो आणि हलवतो तेवढाच ऐका. तो व्हायब्रॅटो कोरडा वाटत असेल तर कानात कापूस आहे.

आणि जेसन बेकर. त्याच्याएवढं अवघड त्या वयात फार कमी लोकांनी वाजवलंय, आणि विशीत एएलएस (स्नायू निकामी करत नेणारा मज्जातंतूंचा आजार) झाला, हात गेले, बोलणं गेलं. वडिलांनी डोळ्यांच्या हालचालींची खुणांची भाषा बनवली, तिच्यातून तो अजून संगीत लिहितो. या माणसाला 'सोल नाही' म्हणायची हिंमत कोणी करून दाखवा.

यादीचं तर बोलूच नका. याच मासिकाने २००३ला शंभरांची यादी काढली होती त्यात एडी ७०वा आणि कर्ट कोबेन १२वा! मला कर्ट आवडतो, खोलीत पोस्टर होतं, पण १९७८ला एडीचं 'इरप्शन' आलं ते जेमतेम पावणेदोन मिनिटांचं आणि त्यानंतर जगातल्या प्रत्येक गल्लीतली पोरं दोन्ही हातांनी तारा ठोकायला लागली, हा माणूस सत्तरावा? मग २०११ला ८वा, २०२३ला ४था. मधल्या काळात त्याने काय नवीन रियाज केला होता का?

माझे पाच: हेंड्रिक्स, एडी, जेफ बेक, जेसन बेकर, रँडी ऱ्होड्स. या आता अंगावर.

पेठेतला_बेसुर

वयाने तुमच्यापेक्षा बराच मोठा आहे, गिटार वाजवत नाही, ऐकतो. त्यामुळे चूकभूल माफ.

हे भांडण आमच्याकडे फार जुनं आहे, फक्त शब्द वेगळे. तुम्ही स्पीड म्हणता त्याला आमचे लोक 'तयारी' म्हणतात. 'गळा तयार आहे' हे एखाद्या गवयाबद्दल म्हणलं की ती स्तुती असते आणि तेच जरा वेगळ्या सुरात, पान चघळत म्हणलं की त्याच्याइतका खवचट शेरा दुसरा नाही. सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा त्या काळात मी रमणबागेत सतरंजीवर बसून ऐकलंय. द्रुतात तानांचा पाऊस पडला की मागून टाळ्या यायच्या. आणि विलंबितात कोणी गंधार असा लावला की पुढे जायची घाईच नाही, तेव्हा टाळी नाही यायची, शेजारचा अनोळखी माणूस नुसता 'हं' करायचा. मला दोन्ही आवडायचं. थंडीत टाळ्या वाजवल्या की हात पण गरम होतात.

पण एक सांगतो. भीमसेनजींची तान ऐकताना कोणाला वाटलं का की हा वेग दाखवतोय? तो वेग हाच भाव होता. त्यामुळे वेग एकीकडे आणि जीव दुसरीकडे अशी फाळणी मला मुळात पटत नाही. आणि दुसऱ्या टोकाला कुमारजी. क्षयाने एक फुप्फुस गेलेलं, पाच-सहा वर्षं गाणं बंद, देवासला पडून. परत गायला लागले तेव्हा लांब दमसास नव्हता, मग छोटे छोटे तुकडे, झटकन वर जाऊन सोडून दिलेले स्वर. शरीराने जे काढून घेतलं त्यातून गायकी घडली.

मुलाने मला ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची हकीगत सांगितली तेव्हा मला लगेच कुमारजी आठवले. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात वयाच्या १७व्या वर्षी पत्र्याच्या मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा उतरवून सैल केल्या आणि त्यातून तो जड, काळोखा आवाज आला ज्यावर तुमचं अख्खं हेवी मेटल उभं आहे. कारखान्यातल्या साहेबाने त्याला धीर द्यायला जॅझ गिटारवाला जँगो राइनहार्ट याची रेकॉर्ड ऐकवली होती. जँगोची दोन बोटं १९२८च्या आगीत निकामी झालेली, आणि उरलेल्या दोन बोटांनी तो काय पळायचा! आता हा जँगो स्पीडच्या रांगेत उभा करायचा की सोलच्या?

बाकी १ ते २५० असे नंबर आमच्या गवयांना लावून दाखवा कोणीतरी. पेठेत राहायचं असेल तर नको.

चहाबाज

क्लॅप्टनला स्लोहँड म्हणतात ते उगाच नाही. हळू वाजवून देव झाला माणूस. विषय संपला.

सहावी_तार

@चहाबाज विषय संपला नाही, कारण ते नाव हळू वाजवण्यावरून पडलेलं नाहीये. यार्डबर्ड्स बँडमध्ये असताना स्टेजवर तार तुटली की क्लॅप्टन तिथेच उभा राहून नवीन तार लावायचा आणि तोवर पब्लिक संथ लयीत टाळ्या वाजवत बसायचं. इंग्रजीत त्याला स्लो हँडक्लॅप म्हणतात, त्यावरून मॅनेजरने केलेली ती कोटी. तेव्हा तो चांगला फास्ट वाजवायचा. आणि देवाचं म्हणाल तर याच मासिकाच्या तीन याद्यांत देव आधी ४था, मग २रा, मग ३५वा. पहिली यादी एका संपादकाची होती, नंतरच्यांत मत देणारी माणसं बदलली, माणसं बदलली की नंबर बदलतात, सोसायटीच्या निवडणुकीसारखं आहे ते.

आता मूळ प्रश्न. कर्वेनगरला क्लास घेतो, तेरा वर्षं झाली. परवा एक मुलगा आला, बॅगेची चेन उघडायच्या आधी सांगतो सर मी १८०ला वाजवतो. म्हणलं वाजव. वाजवलं, आणि खरंच स्वच्छ वाजवलं, मी मनात म्हणलं आपण या वयात असं वाजवत नव्हतो. मग म्हणलं आता दुसऱ्या तारेवर आठवा फ्रेट धर, स्वर ओढून दहाव्याच्या जागी ने आणि चार ठोके तिथेच थांब. फोनवर ट्यूनर लावून समोर ठेवला. सुई ए पर्यंत पोचलीच नाही, तीस-पस्तीस सेंट खाली डुगडुगत राहिली. शंभर सेंटचा अर्धा सूर, म्हणजे एक तृतीयांश कमी, म्हणजे सरळ बेसूर. त्याला ते ऐकू येत नव्हतं, सुई बघून कळलं.

मग ट्यूनर बंद केला. पहिल्या तारेवर पाचवा फ्रेट वाजव म्हणलं, तोच ए आहे, आणि त्याच्याबरोबर दुसरी तार ओढ. दोन स्वर जवळ आले की आपापसात भांडतात, वॉव वॉव वॉव असा आवाज येतो. ओढत गेलं की ते वॉव वॉव मंदावत जातं आणि एका जागी थांबतं. जिथे थांबतं तिथे सूर. एवढं करायला त्याला वीस मिनिटं लागली, मधे लाइट गेले ते एक बरंच झालं, अँप बंद, खोलीत गिटारशिवाय दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. एकदा ते थांबलेलं ऐकल्यावर त्याचा चेहरा जो बदलला तो मी स्पीडवर कधी बघितला नाही.

तर माझं मत असं की लोक सोल सोल म्हणतात त्यातला निम्म्याच्या वरचा भाग हा सूर आणि वेळ एवढाच आहे. बी. बी. किंगला एका वेळी गाणं आणि कॉर्ड वाजवणं जमायचं नाही असं तो स्वतःच सांगायचा, पण त्याचा एक स्वर लागला की रेडिओच्या खोलीबाहेरून पण ओळखू येतो, कारण तो अचूक जागेवर जातो आणि तिथे एका ठराविक वेगाने हलतो. आणि गिलमोरवाल्यांनी रागावू नका, पिंक फ्लॉइडच्या 'कम्फर्टेबली नम्ब'चा शेवटचा सोलो एका दमात आलेला नाही. त्याने पाच-सहा वेळा वेगवेगळा वाजवला, मग कुठल्या टेकमधला कुठला तुकडा चांगला त्याच्या खुणा केल्या आणि जोडून एक केला. तुमच्या पोटात जे होतं ते खरंच आहे, पण ते शिंप्यासारखं मापं घेऊन, कापून शिवलेलं आहे. मला तर हे कळल्यावर तो सोलो जास्त आवडायला लागला.

स्पीडवाल्यांना पण हेच. फास्ट सोलो मोबाईलवर अर्ध्या वेगाने लावून ऐका. एडीचा अर्ध्या वेगाला पण नाचतो. बऱ्याच जणांचा अर्ध्या वेगाला इस्त्रीच्या कपड्यांची यादी वाटतो.

खालचा_सूर

मी बास वाजवते त्यामुळे मला या थ्रेडमध्ये कोणी विचारणार नाही हे माहीत आहे, तरी लिहिते.

चार मिनिटांच्या गाण्यात सोलो असतो तीस-चाळीस सेकंद. उरलेली सव्वातीन-साडेतीन मिनिटं गिटारवाला काय करतो यावर बँड उभा राहतो की पडतो ते ठरतं, आणि तुम्ही सगळे त्या तीस सेकंदांवर भांडताय. एसी/डीसी बँडचा माल्कम यंग आयुष्यभर मागे उभा राहून रिदम वाजवत होता, तो नसता तर पुढे त्याचा भाऊ अँगस उड्या कशाच्या जोरावर मारणार होता? २०२३च्या यादीत नाइल रॉजर्स ७वा आला तेव्हा किती जणांनी नाक मुरडलं, 'हा कुठे सोलो वाजवतो' म्हणून. त्याचा उजवा हात एकदा नीट बघा, तारा अर्धवट दाबून नुसता जो चक-चक आवाज काढतो त्यावर माणसं ४५हून जास्त वर्षं नाचताहेत.

आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये एक गिटारिस्ट होता, नाव सांगत नाही. गॅदरिंगला सोलो आला की डोळे मिटायचे आणि मग ते उघडायचेच नाहीत. आठ बार (ठेक्याची आवर्तनं) ठरलेले असायचे, बत्तीस झाले तरी गडी आपला चालू. ड्रमर माझ्याकडे बघतोय, मी ड्रमरकडे बघतेय, सिंगर पाणी पिऊन आली तरी हा आपला समाधीत. फास्ट पण होता आणि मनापासून पण वाजवत होता, दोन्ही होतं त्याच्याकडे, फक्त आम्ही तिघं शेजारी आहोत हे त्याला माहीत नव्हतं.

आणि इथे आतापर्यंत एका पण बाईचं नाव आलेलं नाहीये म्हणून सांगते. त्याच यादीत ६वी सिस्टर रोझेटा थार्प आहे. १९१५चा जन्म, चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर, आणि ती पण आवाज फाटेपर्यंत अँप वाढवून, तुमचा रॉक अँड रोल पाळण्यात पण नव्हता तेव्हापासून. १९६४ला मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर तिचा टीव्हीसाठी कार्यक्रम झाला, त्याचा व्हिडिओ आहे. पब्लिक एका फलाटावर, ती समोरच्या फलाटावर, नुकताच पाऊस पडून गेलाय, बाई घोडागाडीतून उतरते, अंगावर भारी कोट, गळ्यात पांढरी गिटार, आणि पावसाचंच गाणं म्हणते. सोलो अगदी छोटा आहे. स्पीड का सोल ते बघून सांगा, मला तर तो प्रश्नच सुचला नाही.

ड्रॉप_डी

@खालचा_सूर व्हिडिओ बघितला. गप्प बसतो. रँडीला खाली घेतो, माफ कर रँडी.

@पेठेतला_बेसुर काका, तुम्ही जॉन मॅक्लॉफ्लिन ऐकलाय का? महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा त्याचा इलेक्ट्रिक बँड आणि त्यानंतर शक्ती, त्यात तबल्यावर झाकीरभाई, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विक्कू विनायकराम. त्या जुगलबंदीत तो जेवढा पळतो तेवढा रॉकवाल्यांत कोणी पळत नाही आणि तरी तुमच्या सतरंजीवरचे लोक 'हं' करतील. यादीवाले त्याला कायम जॅझवाला म्हणून बाजूला ठेवतात.

पेठेतला_बेसुर

ऐकलाय. शक्तीसाठी त्याने मुद्दाम बनवून घेतलेल्या गिटारीला तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा होत्या आणि पडद्यांमधलं लाकूड कोरलेलं होतं, तुमच्या त्या स्वीडनवाल्या पोरासारखं. पण हा उपद्व्याप त्याने मींड काढता यावी म्हणून केला होता, आणि तोही त्या पोराच्या आधी. एकच सुतारकाम, एकाने पळायला केलं, एकाने ओढायला.

ड्रॉप_डी

काका इंग्वे पण त्याच्यावर ओढतोच हो. पण ठीके, घेतलं.

फेंडर_परवडत_नाही

अपडेट द्यायला आलोय.

काल भाऊ घरी आला होता. सरांची ती आठव्या फ्रेटची टेस्ट करायची ठरली, मी मनातल्या मनात आधीच जिंकलो होतो. त्याला आधी बसवलं. ओढला, सुई बरोब्बर मधे जाऊन उभी, चार ठोके हलली नाही. मला वाटलं लागला असेल तुक्का, परत करायला लावलं, परत तेच. मग मी. नऊ वर्षं गिलमोर, गिलमोर करत डोळे मिटून वाजवणारा मी. वीस सेंट खाली. परत ओढला, पंधरा. परत, पंचवीस. एवढ्यात आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला, ती भजनी मंडळात पेटी वाजवते, फोन-बिन काही बघितला नव्हता तिने, म्हणाली थोरल्याचा जरा उतरतोय रे.

मग मी सूड म्हणून त्याला ५०च्या टेम्पोवर एका ठोक्याला एकच स्वर वाजवायला लावला. दहाव्या ठोक्यापर्यंत गडी मेट्रोनोमच्या पुढे निघून गेला होता, थांबवतच नव्हतं त्याला. तेव्हा जरा गार वाटलं. पण वीस सेंट काही डोक्यातून जात नाहीयेत.

यादी राहू द्या आता. सर, मी करंगळीशेजारच्या बोटाने ओढतो आणि शेवटच्या टप्प्यात जोरच संपतो, काय चुकतंय?

सहावी_तार

एकट्या बोटाने ओढतोयस, ते चुकतंय. मागची दोन बोटं पण त्याच तारेवर ठेव, सहावा आणि सातवा फ्रेट, आणि अंगठा मानेवरून वर येऊन टेकू दे. मग बोटं वाकवायची नाहीत, ती तशीच ठेवून मनगट फिरवायचं, दाराची मूठ फिरवतो तसं. आणि आधी दहावा फ्रेट साधा वाजवून तो कानात ठेव, मग ओढ.

तारा किती जाडीच्या लावल्यायत?

फेंडर_परवडत_नाही

११च्या. ब्लूजवाला स्टीव्ही रे व्हॉन १३च्या लावायचा असं वाचलं होतं म्हणून जाड घेतल्या.

सहावी_तार

तो अख्खी गिटार अर्धा सूर उतरवून वाजवायचा. आणि त्याचा पंजा बघितलायस का? ९च्या लाव, मग बोलू.